जर्मनी आणि बर्लिन: मराठवाड्यातून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कोणतं काम कधी करायचं

आपल्या भागातली मुलं बर्लिनला पोचतात आणि पहिल्या दोन महिन्यांतच अडकतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं: कामांचा क्रम चुकलेला असतो. बँकेत खातं उघडायला गेलं की पत्त्याची नोंदणी मागतात. नोंदणीला गेलं की घरमालकाचा सहीचा कागद मागतात. तो मागायला गेलं की मालक सांगतो, या खोलीवर नोंदणी करता येणार नाही, हे तुला आधीच सांगितलं होतं. तोवर भाडं भरून झालेलं असतं आणि भारतातून नेलेले पैसे संपत आलेले असतात.

शिक्षणासाठी, नर्सिंगसाठी किंवा नोकरीसाठी पहिल्यांदाच परदेशात निघालेल्यांसाठी हा लेख आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

## टप्पा 1: देश आणि शहर यांचं नातं समजून घ्या

जर्मनी 16 राज्यांचा संघ आहे. बर्लिन ही राजधानी आहे, देशातलं सगळ्यांत मोठं शहर आहे आणि स्वतःच एक राज्यही आहे. वस्ती 37 लाखांच्या आसपास, प्रशासकीय विभाग 12. म्युनिक बायर्न राज्यात येतं, श्टुटगार्ट बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये. व्हिसा, कर, विमा यांचे कायदे देशभर सारखे असले तरी कार्यालयांची नावं, अर्जाची पद्धत आणि सुट्ट्या राज्यागणिक बदलतात. 8 मार्चला बर्लिनमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, म्युनिकमध्ये नसते. 6 जानेवारीला नेमकं उलटं.

त्यामुळे म्युनिकला असलेल्या आतेभावाच्या सांगण्यावरून बर्लिनची कामं करू नका. महाराष्ट्र शासनाने कुशल मनुष्यबळासाठी 2024 मध्ये करार केला तो बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी. त्या योजनेतून जाणाऱ्यांनी या लेखातला क्रम जरूर घ्यावा, पण कार्यालयं आपल्या राज्याची शोधावीत.

घरच्यांना वेळेतला फरक आधीच सांगून ठेवा. उन्हाळ्यात बर्लिन आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं.

## टप्पा 2: कागदपत्रं, आणि त्यातही नाव

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेलं असतं: कदम पूजा बालाजी. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं, आणि नावाच्या रकान्यात पूजा बालाजी. जर्मन फॉर्मवर फामिलिएननामे म्हणजे आडनाव आणि फोरनामे म्हणजे नाव. तिथल्या माणसाला शेवटचा शब्द आडनाव वाटतो. त्याने गुणपत्रिका पाहून नोंद केली की पूजा कदमची पत्रं बालाजीच्या नावाने निघू लागतात. हे किती महागात पडतं ते टप्पा 7 मध्ये येईल.

म्हणून प्रत्येक फॉर्मवर, विद्यापीठाच्या पोर्टलपासून विमान तिकिटापर्यंत, नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने भरा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसाच्या अर्जाआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि पदवी माहेरच्या नावाने असेल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत हवाच.

जन्मगावाचंही तेच. पासपोर्टवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असेल आणि अलीकडच्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव आलं असेल, तर फॉर्मवर पासपोर्टवरचंच नाव लिहा.

विद्यार्थ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. पहिली, एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला. भारतीय विद्यार्थ्यांना ते नोव्हेंबर 2022 पासून लागतं आणि मिळायला वेळ लागतो, त्यामुळे प्रवेशाच्या अर्जांआधीच त्याच्या मागे लागा. दुसरी, श्पेरकोंटो, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. 2024 मध्ये ठरलेल्या दराने महिन्याला 992, वर्षाला 11,904 युरो त्यात आधीच भरावे लागतात. ही रक्कम बदलत असते, म्हणून अर्जाच्या आठवड्यात जर्मन वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहा.

सावधान: प्रत्येक कागदाला ॲपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन, लागतंच असं सांगून पैसे घेणारे एजंट लातूरपासून नांदेडपर्यंत सगळीकडे भेटतात. तुमच्या विद्यापीठाने, नोकरी देणाऱ्याने किंवा दूतावासाने लेखी मागितलं असेल तरच तो खर्च करा.

तपासा: व्हिसा हातात पडला की काउंटरवरच नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि मुदतीच्या दोन्ही तारखा वाचा. शेवटची तारीख लिहून ठेवा, टप्पा 9 मध्ये ती लागणार आहे.

## टप्पा 3: घर शोधताना पहिला प्रश्न नोंदणीचा

भाडं, अंतर, स्वयंपाकघर हे सगळं नंतर. घरमालकाला किंवा खोली देणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: इस्ट आइने आनमेल्डुंग म्योग्लिश? या पत्त्यावर नोंदणी करता येईल का? उत्तर मेसेजवर किंवा ईमेलवर लेखी घ्या. आनमेल्डुंग म्हणजे सरकारदरबारी पत्त्याची नोंद. बँक, कर क्रमांक, निवास परवाना, सगळं या एका कागदावर उभं राहतं.

हॉटेल, होस्टेल आणि थोड्या दिवसांसाठी मिळणाऱ्या बऱ्याचशा खोल्यांवर नोंदणी होत नाही. पहिले काही दिवस तिथे राहायला हरकत नाही, पण दोन महिने तिथे काढायचं ठरवलंत तर पुढची सगळी कामं दोन महिने थांबतील.

भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमिटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. वार्ममिटे म्हणजे त्यात सहसा हीटिंग, पाणी, इमारतीचा खर्च धरून. वीज आणि इंटरनेट त्यात आहे का, हे वेगळं विचारावं लागतं. जाहिरातीतला छोटा आकडा पाहून बजेट करणारे हिवाळ्यात कोलमडतात. अनामत, म्हणजे काउत्सिओन, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमिटेएवढी घेता येते.

विद्यार्थ्यांनी बर्लिनच्या श्टुडिरेंडेनवेर्क या विद्यार्थी सेवा संस्थेच्या वसतिगृहासाठी प्रवेशपत्र येताच अर्ज करावा. प्रतीक्षा यादी महिन्यांची असते. ती हलेपर्यंत वेगे, म्हणजे चार-पाच जणांनी मिळून घेतलेल्या घरातली एक खोली, हा सगळ्यात व्यवहार्य मार्ग.

सावधान: "मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल" हा मजकूर आला की तिथेच थांबा. घर कुणीतरी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर पाहिल्याशिवाय आणि करार वाचल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. घरच्यांनी जमिनीवर कर्ज काढून दिलेला पैसा असा एका रात्रीत जातो आणि परत मिळत नाही.

## टप्पा 4: बॅग

युरोपीय संघाबाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. कुंथलगिरीचा पेढा, खवा, पनीर घरीच ठेवा, घरचं तूपही. ताजा कढीपत्ता आणि केशर आंबाही नको, ताज्या फळाभाज्यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची कोरडी चटणी, ज्वारीचं पीठ, तूरडाळ नेता येते. पाकिटावर पदार्थाचं नाव लिहा.

मूळ कागद, विमा, प्रवेशपत्र किंवा नोकरीचा करार, घराचा पत्ता, हे सगळं हातातल्या बॅगेत. नांदेड, लातूर, हिंगोलीकडच्यांना हैदराबादहून निघणं सोयीचं पडतं, बाकीचे मुंबईहून जातात. फ्रँकफुर्ट किंवा म्युनिकमार्गे गेलात तर पासपोर्ट तपासणी तिथेच होते, बर्लिनला नाही. कागद चेक-इन बॅगेत टाकले असतील तर तिथे काहीच दाखवता येत नाही.

पहिल्या दोन महिन्यांच्या खर्चाची सोय फॉरेक्स कार्डवर आणि थोडी रोख अशी वेगळी ठेवा. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे उतरल्या दिवशी मिळत नाहीत.

## टप्पा 5: विमानतळावरून शहरात

बर्लिनची शहर वाहतूक ए, बी, सी अशा तीन झोनमध्ये विभागली आहे. विमानतळ सी झोनमध्ये आहे, म्हणून तिकीट एबीसी घ्या. एबी तिकिटावर बसणं म्हणजे विनातिकीट बसणंच.

एकच तिकीट उ-बान म्हणजे मेट्रो, एस-बान म्हणजे लोकल, ट्राम आणि बस, सगळ्यांना चालतं. मेट्रोला गेट नाही, कुणी अडवत नाही. म्हणून कुणी तपासत नाही असं समजू नका. साध्या कपड्यातला माणूस डबा सुटल्यावर ओळखपत्र काढतो, आणि दंड 60 युरो. छापील तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये टाकून त्यावर शिक्का उठवावा लागतो. खिशात कोरं तिकीट असलेल्यालाही दंड होतो, आणि नव्यांना होणारे बरेचसे दंड याच कारणाने होतात.

महिनाभर राहणार म्हटल्यावर डॉइचलांडटिकेट पाहा. मे 2023 मध्ये ते 49 युरोला सुरू झालं, जानेवारी 2026 पासून 63 युरो आहे. देशभरातल्या शहर वाहतुकीला आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीई आणि आयसी या वेगवान गाड्यांना नाही. ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळवावं लागतं. विद्यापीठाच्या शुल्कातच सेमिस्टर तिकीट येत असेल तर वेगळं घेऊ नका.

## टप्पा 6: आनमेल्डुंग

घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करायची असा कायदा आहे. काम ब्युर्गरआम्ट या कार्यालयात होतं आणि त्याला शुल्क नाही.

क्रम असा:

1. राहायला जाताच घरमालकाकडून वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग सही करून घ्या. हा तुम्ही कोणत्या तारखेपासून तिथे राहता याचा एक पानी दाखला असतो. भाडेकरार दाखवून भागत नाही, हाच कागद लागतो. तो देणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे.
2. बर्लिन शहराच्या सेवा संकेतस्थळावर अपॉइंटमेंट घ्या. शोधताना पूर्ण बर्लिन निवडा. तुम्ही नॉयक्योल्नला राहत असाल तरी श्पांडाउ किंवा मार्त्सानच्या ब्युर्गरआम्टमध्ये नोंदणी चालते. लांबच्या कार्यालयात तारीख लवकर मिळते.
3. तारीख दिसत नसेल तर सकाळी लवकर आणि दिवसातून मधूनमधून पाहत राहा, रद्द झालेल्या वेळा पुन्हा खुल्या होतात. 115 या सरकारी क्रमांकावरही विचारता येतं.
4. जाताना पासपोर्ट, भरलेला फॉर्म, मालकाचा दाखला. कुटुंब सोबत असेल तर विवाह आणि जन्माचे दाखले.
5. मिळालेला नोंदणीचा कागद खुर्चीवरून उठण्याआधी वाचा. आडनाव, नाव, जन्मतारीख, जन्मगाव, घर क्रमांक. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. नंतर त्याच चुकीसाठी नवी अपॉइंटमेंट घ्यावी लागते.

14 दिवसांत तारीख मिळाली नाही तर घाबरू नका, पण तारीख घेतल्याचा ईमेल जपून ठेवा. प्रयत्नच न करता महिनोन्महिने बसणाऱ्याला दंड होऊ शकतो.

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चची नोंद झाली की पगारावरच्या आयकराच्या 9 टक्के चर्च कर बर्लिनमध्ये कापला जातो. आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांतल्या मुलांना हे कुणी सांगत नाही. रकाना विचार करून भरा. हिंदू, मुस्लिम, बौद्ध यांना असा कर नाही.

सगळीकडे इंग्रजी चालतं या भरवशावर या कार्यालयात जाऊ नका. कामकाज जर्मनमध्ये होतं. जर्मन येणारं कुणीतरी सोबत न्या, निदान ठरावीक वाक्यं लिहून न्या.

## टप्पा 7: पत्रपेटीवर आडनाव

नोंदणी झाली की लोक निर्धास्त होतात आणि नेमके इथे अडकतात. बर्लिनच्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला क्रमांक नसतो. दारावरच्या घंटीवर आणि तळमजल्यावरच्या पत्रपेटीवर फक्त आडनाव असतं. पोस्टमन तुमचं घर ओळखतो तो त्या आडनावावरून. जुन्या इमारती तर आपल्या वाड्यासारख्या आहेत: रस्त्याकडचा भाग, मग चौक, चौकामागे आणखी एक इमारत. पेटीवर "कदम" नसेल तर पत्र "पत्त्यावर व्यक्ती नाही" असा शेरा घेऊन परत जातं.

आणि पुढची जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची गोष्ट साध्या टपालाने येते: बँकेचं कार्ड, त्याचा पिन दुसऱ्या वेगळ्या पाकिटात, विम्याचं कार्ड, कर क्रमांक. एक पत्र परत गेलं की दोन-तीन आठवडे गेले.

म्हणून राहायला गेल्या दिवशीच, नोंदणीची वाट न पाहता, पेटीवर आणि घंटीवर नाव लावा. मालकाने लावेपर्यंत कागदाची चिठ्ठी सेलोटेपने चिकटवली तरी चालते. वेगेमध्ये आधीच चार नावं असली तरी आपलं पाचवं लावायचं. आडनाव पासपोर्टच्या स्पेलिंगमध्ये, रोमन लिपीत, ठळक. टप्पा 2 मध्ये बालाजी हे आडनाव म्हणून कुठे नोंदलं गेलं असेल आणि दुरुस्त व्हायचं असेल, तर तोपर्यंत पेटीवर दोन्ही नावं लावा.

तपासा: किल्ल्यांच्या जुडग्यात पत्रपेटीची छोटी किल्ली आहे का? नसेल तर त्याच दिवशी मागा. पेटी रोज उघडा. सरकारी पत्रातली मुदत पत्र पेटीत पडल्यापासून धावू लागते, तुम्ही वाचल्यापासून नाही.

## टप्पा 8: विमा, बँक, कर क्रमांक

आरोग्य विमा आधी. सरकारी पद्धतीचा विमा भारतातूनच ऑनलाइन घेता येतो, त्याला आनमेल्डुंगची वाट पाहायची गरज नाही, आणि विद्यापीठ त्याशिवाय नाव नोंदवत नाही. विद्यार्थ्यांचा स्वस्त दर वयाच्या 30 वर्षांपर्यंतच मिळतो. व्हिसासाठी काढलेला प्रवास विमा याच्या जागी चालत नाही.

मग बँक. पासपोर्ट आणि नोंदणीचा कागद घेऊन चालू खातं उघडा, आणि लगेच त्याचा आयबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना कळवा. तेव्हाच महिन्याचे 992 युरो सुरू होतात.

करासाठीचा 11 अंकी स्टोयर-आयडी नोंदणीनंतर काही आठवड्यांत आपोआप पोस्टाने येतो. तो आयुष्यभर एकच राहतो. नोकरी देणाऱ्याला तो दिला नाही तर कर सगळ्यात चढ्या वर्गाने कापला जातो.

याच सुमारास आणखी एक पत्र येतं: रुंडफुंकबाइट्राग, रेडिओ-टीव्हीचं शुल्क, महिन्याला 18.36 युरो. आपल्याकडे टीव्ही नाही म्हणून लोक ते फेकून देतात आणि मग थकबाकीसकट वसुलीची नोटीस येते. टीव्ही असो नसो, शुल्क घरामागे आहे. मात्र एका घराला एकदाच. घरातलं दुसरं कुणी भरत असेल तर त्यांचा क्रमांक कळवा, तुमच्यावर काही लागत नाही.

## टप्पा 9: निवास परवाना

व्हिसा हा प्रवेशापुरता. पुढे राहण्याचा परवाना बर्लिनमध्ये लांडेसआम्ट फ्युर आइनवांडेरुंग देतं आणि अर्ज ऑनलाइन होतो. टप्पा 2 मध्ये लिहून ठेवलेली शेवटची तारीख काढा आणि तिच्या निदान दोन महिने आधी अर्ज भरा. मुदतीच्या आत अर्ज दाखल झाला तर निर्णय होईपर्यंत मुक्काम कायदेशीर राहतो. मुदतीनंतर केलेल्या अर्जाला ते संरक्षण आपोआप मिळत नाही. अर्जाची पोच पीडीएफ करून ठेवा.

सावधान: परवान्याचं कार्ड किंवा फिक्शन्सबेशाइनिगुंग हा तात्पुरता दाखला हातात येईपर्यंत बहिणीच्या लग्नाचं तिकीट काढू नका. व्हिसा संपलेला आणि नवं कार्ड नाही, अशा अवस्थेत परत येता येत नाही.

विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. हिशेब स्वतः वहीत ठेवा.

## टप्पा 10: घरात आणि शेजारात

रात्री 10 ते सकाळी 6 आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, वॉशिंग मशीन त्याआधी उरका. रविवारी दुकानं बंद असतात, किराणा शनिवारीच भरा. अगदीच अडलं तर मध्यवर्ती स्थानकातली दुकानं आणि श्पेटी नावाची छोटी दुकानं उघडी मिळतात.

पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बहुतेक बाटल्या-डब्यांवर 25 सेंट अनामत घेतलेली असते. सुपरमार्केटच्या मशीनमध्ये परत दिल्या की पैसे मिळतात. कचरा वेगळा करणं सक्तीचं धरा: कागद निळ्या पेटीत, ओला तपकिरी पेटीत, वेष्टनं पिवळ्या किंवा नारिंगी पेटीत, उरलेला काळ्या पेटीत.

खिडकी हा आपल्या भागातल्या लोकांना हमखास चकवणारा विषय. आपली हवा कोरडी, भिंतीला ओल धरते हे ठाऊकच नसतं. तिथे हिवाळ्यात थंडी वाजते म्हणून खिडक्या आठवडाभर बंद, आत कपडे वाळत घातलेले, वरण-भाताची वाफ कोंडलेली. महिन्याभरात कोपऱ्यात काळी बुरशी येते आणि घर सोडताना अनामतीतून पैसे कापले जातात. दिवसातून दोन-तीन वेळा हीटर बंद करून खिडक्या सताड उघडा, पाच-दहा मिनिटांनी लावून घ्या. खिडकी दिवसभर किंचित किलकिली ठेवल्याने भिंत थंड पडते आणि हीटिंगचं बिल वाढतं.

मोबाइलमध्ये हे क्रमांक टाका: रुग्णवाहिका आणि आग 112, पोलीस 110, दवाखाने बंद असताना डॉक्टरसाठी 116117.

घर सोडायचं तर नोटीस साधारण तीन महिन्यांची असते. नव्या घरात गेलात की 14 दिवसांची मुदत पुन्हा सुरू होते: नवा दाखला, नवी आनमेल्डुंग, नव्या पेटीवर आडनाव. बँक, विमा आणि परवाना कार्यालयाला नवा पत्ता स्वतः कळवा, आणि जुन्या पत्त्यावरची पत्रं वळवण्यासाठी पोस्टाची नाखझेंडेआउफट्राग ही सेवा घर सोडण्याच्या आठवडाभर आधी सुरू करा.